बोक्याचं तप आणि मांजरीची माया

माझे मामा संस्कृतचे शिक्षक. निवृत्तीनंतर त्यांनी जुन्या पोथ्यांच्या सूची करण्याचं काम अंगावर घेतलं. संत, साधू आणि लेखक यांच्या आयुष्यातल्या मांजरांवर मी लिहायला घेतलंय हे त्यांच्या कानावर गेलं आणि त्यांनी विषयालाच हरकत घेतली. हरकत अभ्यासातून आलेली होती, त्यामुळे तिला बगल देऊन पुढे जाणं मला पटेना. आमचं बोलणं झालं तसं इथे मांडते आहे. ते माझ्यावर भारी पडले त्या जागाही तशाच ठेवल्या आहेत.

मामा : आपल्या परंपरेनं मांजराला फार पूर्वीच ओळखलेलं आहे. उद्योगपर्वात दुर्योधन उलूकाकडून पांडवांना निरोप पाठवतो आणि युधिष्ठिराला एका बोक्याची उपमा देतो. हा बोका गंगेच्या काठी हात वर करून तप करतो. उंदरांचा विश्वास बसतो. ते आपली पोरंबाळं आणि म्हातारेकोतारे त्याच्या हवाली करतात. बोका म्हणतो, तपानं शरीर खंगलंय, मला रोज नदीपर्यंत पोचवत जा. उंदीर कमी होत जातात आणि बोका गुबगुबीत होत जातो. शेवटी कोलिक नावाचा उंदीर बोट ठेवतो : कंदमुळं खाणाऱ्याच्या विष्ठेत केस सापडत नसतात!

मी : महाबलीपुरमला तो बोका मी पाहिला आहे. सातव्या शतकातलं पल्लवांचं शिल्प, जवळजवळ ३० मीटर लांबीचा कातळ, त्यावर देव, गंधर्व, हत्ती. त्यात खाली एका कोपऱ्यात दोन्ही हात डोक्यावर जोडून उभा राहिलेला बोका आणि त्याच्या भोवती उंदीर.

मामा : वर खरा तपस्वी उभा आहे आणि खाली हा. शिल्पकाराला दोघांमधला फरक दाखवायचा होता. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात ढोंगी धार्मिकाला ‘बैडालव्रतिक’ म्हटलंय. पंचतंत्रात ससा आणि कपिंजल पक्षी भांडण घेऊन दधिकर्ण नावाच्या बोक्याकडे न्याय मागायला जातात. तो धर्मावर प्रवचन करतो, ऐकू येत नाही म्हणून जवळ बोलावतो आणि दोघांनाही खातो. हितोपदेशातला दीर्घकर्ण चांद्रायण व्रत करत असल्याचं सांगून म्हाताऱ्या गिधाडाच्या ढोलीत शिरतो. इतक्या लोकांनी, इतक्या शतकांत, एकाच प्राण्याला भगवी वस्त्रं का घातली असतील?

मी : या सगळ्या गोष्टी माणसांविषयी आहेत, मामा. मांजर दबा धरून निश्चल बसतं, डोळे अर्धवट मिटतं. माणसाला त्यात आपल्यातला भोंदू दिसला. मांजरानं तपाचा दावा कधीच केला नव्हता. महाभारतातच दुसरं मांजर आहे, शांतिपर्वातलं.

मामा : लोमश. आणि उंदीर पलित. भीष्म युधिष्ठिराला सांगतात, आपद्धर्माच्या प्रकरणात.

मी : लोमश फासात अडकलाय. पलिताच्या एका बाजूला मुंगूस, दुसऱ्या बाजूला घुबड. तो थेट मांजराच्या कुशीत जाऊन बसतो, तेव्हा मुंगूस आणि घुबड नाद सोडतात. मग तो दोऱ्या कुरतडतो, पण सावकाश. शेवटची दोरी शिकारी अगदी जवळ आल्यावरच तोडतो, म्हणजे मांजराला पळण्यापलीकडे काही सुचू नये. नंतर लोमश त्याला मित्र म्हणून हाक मारतो आणि पलित बिळातून उत्तर देतो, की आपल्या मैत्रीचं कारण संपलं.

मामा : म्हणजे उंदीर शहाणा. त्यात मांजराचा मोठेपणा कुठे आला?

मी : मोठेपणा नाहीच. पण ढोंगाचा आरोपही नाही. पलित त्याला पापी म्हणत नाही. तू भुकेला आहेस आणि मी तुझं अन्न आहे, एवढंच म्हणतो. मांजराला मांजर म्हणून पाहणारी ती गोष्ट आहे. मला तशाच नोंदी हव्या आहेत.

हे बोलताना मला वाटलं होतं, की मी मुद्दा जिंकला. पण मामांनी स्वतःच्याच पक्षाविरुद्ध जाणारा पुरावा स्वतः पुढे केला आणि बोलणं मला अपेक्षित नव्हतं त्या दिशेला नेलं.

मामा : तुला हवं ते तू दक्षिणेत शोधायला हवं होतंस. श्रीवैष्णवांमध्ये शरणागतीवरून दोन पंथ झाले. वडकलई म्हणतात, जीवानं देवाला धरायला हवं, माकडिणीचं पिल्लू आईच्या पोटाला घट्ट धरतं तसं. त्यांचे आचार्य वेदान्तदेशिक. तेंगलई म्हणतात, जीवानं काहीच करायचं नाही. मांजरी पिल्लाला मानगुटीत धरून उचलते, पिल्लू लोंबकळत राहतं. त्यांचे आचार्य पिळ्ळै लोकाचार्य. मर्कटकिशोरन्याय आणि मार्जारकिशोरन्याय. ज्या परंपरेनं बोक्याला ढोंगी ठरवलं, तिनंच मांजरीला ईश्वराच्या जागी बसवलंय.

मी : मग तुमची हरकत उरते कुठे?

मामा : उरते. हा दृष्टान्त आहे. कुणा आचार्यांनी मांजर पाळलं होतं आणि त्यातून त्यांना मोक्षमार्ग सुचला, असं त्यातून निघत नाही. तुम्ही लोक दृष्टान्तातून चरित्र काढता.

मी : रामकृष्णांच्या बाबतीत दोन्ही आहेत. मांजरीच्या पिल्लाचा दृष्टान्त त्यांचा आवडता. पिल्लाला फक्त म्याँव करता येतं, आई त्याला कधी स्वयंपाकघरात ठेवते, कधी अंथरुणावर. आणि दक्षिणेश्वरच्या मंदिरात कालीमातेच्या भोगासाठी केलेली लुची त्यांनी प्रत्यक्ष मांजराला खाऊ घातली. खजानचीनं मंदिराची व्यवस्था पाहणाऱ्या मथुरबाबूंना पत्र लिहून तक्रार केली. मथुरबाबूंनी उत्तर दिलं, की भट्टाचार्य, म्हणजे रामकृष्ण, जे करतील ते करू द्या. रामकृष्णांनी हा प्रसंग स्वतः सांगितलेला आहे. त्यांना सगळीकडे माताच दिसत होती, मांजरातही.

मामा : तेव्हा त्यांना देव्हारा आणि कोषाकुशी म्हणजे पूजेची भांडीसुद्धा चैतन्यमय दिसत होती. मांजरावर विशेष लोभ नव्हता.

मी : म्हणून तर मला ती नोंद मोलाची वाटते. लाडानं भरवलेला घास नव्हता तो. नैवेद्य होता, आणि ज्याला देव मानलं त्याच्या तोंडी गेला. पूजेची भांडी नैवेद्य खात नाहीत. मांजरानं खाल्ला.

मामा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी प्रेषित मुहम्मदांची गोष्ट काढली. मांजर बाहीवर झोपलं होतं, नमाजाची वेळ झाली, तेव्हा त्याची झोप मोडू नये म्हणून त्यांनी बाही कापली. मांजराचं नाव मुइझ्झा. ही गोष्ट तू लिहिणार असशीलच, असं ते म्हणाले.

मी : लिहिणार आहे, पण लोककथा म्हणून. हदीसच्या मान्यवर संग्रहांत ती नाही. नॉरिचच्या ज्युलियनचंही तसंच. चौदाव्या शतकातली ही इंग्रज साध्वी चर्चला लागून असलेल्या बंद खोलीत राहिली. चित्रांत आणि काचेच्या खिडक्यांत तिच्यापाशी मांजर दाखवतात. तिच्या ग्रंथात मांजराचा उल्लेखही नाही. तेराव्या शतकात अशा एकांतवासी स्त्रियांसाठी लिहिलेल्या नियमग्रंथात मांजराखेरीज दुसरा प्राणी पाळू नये असं आहे, तेवढ्यावरून चित्रकारांनी तिच्या पायाशी मांजर आणून बसवलं.

मामा : हे प्रामाणिकपणे लिहिणार असशील तर माझी अर्धी हरकत गेली.

मी : पण हदीसमध्ये जे खरोखर आहे ते बाहीच्या गोष्टीपेक्षा मोठं आहे. बुखारी आणि मुस्लिम, दोन्ही संग्रहांत एका बाईची हकिकत येते. तिनं मांजर कोंडून ठेवलं. त्याला खायला घातलं नाही, आणि जमिनीवरचे किडेमुंग्या खाऊन जगावं म्हणून सोडलंही नाही. ते मेलं आणि ती नरकात गेली. बाईनं मांजरावर प्रेम करायला हवं होतं असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. खायला घाल, नाहीतर सोड. दुसरी नोंद अबू कतादा या प्रेषितांच्या सहकाऱ्याची. सून कब्शा त्यांच्या वुजूसाठी, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुण्यासाठी, पाणी ओतते. एक मांजर येतं. ते भांडं तिरकं करतात, मांजर पिऊन जातं. सून चकित होऊन पाहते, तेव्हा ते सांगतात, प्रेषितांनी म्हटलंय की मांजर अपवित्र नाही, ते तुमच्यात वावरणाऱ्यांपैकीच आहे.

मामा : भांडं तिरकं केलं.

मी : हो. वुजूसाठी ओतलेल्याच पाण्याचं.

मामा : शुद्धाशुद्धतेच्या चर्चा मी जन्मभर वाचल्या. त्यात कुणी भांडं तिरकं केल्याची नोंद सहसा सापडत नाही. बरं, पुढे जा. मठांचं काय? पोपनं युरोपातली मांजरं मारायला लावली, असं मी ऐकत आलोय.

मी : नववे ग्रेगरी, १२३३ चं पत्र. त्यात जर्मनीतल्या पाखंडी मानलेल्या लोकांच्या विधीचं वर्णन आहे आणि त्या विधीत काळं मांजर येतं. मांजरं मारण्याचा हुकूम त्यात नाही. पुढच्या शतकांत इंग्लंडमधल्या एक्झेटर कॅथेड्रलच्या हिशेबात मांजराचा पगार लिहिलेला आहे. १३०५ ते १४६७ या काळातल्या नोंदी, तिमाहीला १३ पेनी, म्हणजे आठवड्याला एक. उत्तरेकडच्या भागात खगोलघड्याळाखाली दार आहे, त्याला मांजरापुरतं गोल भोक अजून आहे.

मामा : ही नोंद मला सगळ्यात आवडली. धान्य, मेणबत्त्या, पुस्तकं, सगळ्यालाच उंदीर लागतात. मी सूची करत असताना वेष्टन सोडलं की आधी हेच पाहायचो : कसर, वाळवी की उंदीर. उंदरानं कोपरे कुरतडलेली पोथी हातात घेतली की जीव हळहळतो. तिथली अक्षरं गेली ती गेली. एक्झेटरच्या लोकांनी मांजराला संत केलं नाही, कामाचा मोबदला दिला.

मी : आणि नेदरलँड्समध्ये डेव्हेंटरच्या लेखनिकाला मांजराचा उपद्रव झाला. साधारण १४२० चा सुमार. रात्री उघड्या राहिलेल्या हस्तलिखितावर मांजरानं लघवी केली. लेखनिकानं तेवढी जागा कोरी सोडली, तिथे मांजर काढलं, डागाकडे रोखलेली बोटं काढली, त्या मांजराला शाप दिला आणि बजावून ठेवलं, की मांजरं येतात तिथे रात्री पुस्तकं उघडी टाकू नका. ते पान आता कलोनच्या संग्रहात आहे.

मामा : पान फाडून टाकलं नाही.

मी : लिहायचं साहित्य महाग. पण नुसतं कोरं सोडून पुढे जाता आलं असतं. त्यानं घडलेलं लिहून ठेवलं.

इथून बोलणं ओघानं लेखकांवर आलं. नवव्या शतकातल्या आयरिश भिक्षूची पांगुर बान या मांजरावरची कविता मी मामांना आधीच पाठवली होती. लॅटिन स्तोत्रं, व्याकरणाच्या टिपणी आणि खगोलातल्या नोंदी असलेल्या एका वहीत ती सापडते आणि ती वही आज ऑस्ट्रियातल्या सेंट पॉलच्या मठात आहे. मांजर उंदराच्या मागे, भिक्षू अर्थाच्या मागे, आणि एकाचा दुसऱ्याला अडथळा नाही, अशी तिची मांडणी. मामांना ती फार देखणी वाटली, पण देखणेपणामुळेच त्यांचा विश्वास बसेना. अभ्यासकाला हवं तसंच मांजर आहे हे, ते म्हणाले. मला त्यावर चांगलं उत्तर सुचलं नाही, अजूनही सुचलेलं नाही.

मी : मग सॅम्युएल जॉन्सनचा बोका हॉज घ्या. त्याचा साक्षीदार निराळा आहे. ही हकिकत जॉन्सनचा चरित्रकार बॉझवेल यानं लिहिली आणि बॉझवेलला मांजर खोलीत असलं तरी अस्वस्थ व्हायचं. हॉज जॉन्सनच्या छातीवर चढतोय, जॉन्सन त्याची पाठ चोळतोय, आणि बॉझवेल शेजारी बसून सहन करतोय. तो सांगतो, की हॉजसाठी कालवं आणायला जॉन्सन स्वतः बाहेर जायचा. नोकरांना पाठवलं तर त्या कामाचा त्यांना जाच वाटेल आणि राग मांजरावर निघेल, म्हणून.

मामा : हे नीट विचार केलेलं आहे. मांजरावर लोभ असलेला माणूस नोकराला पाठवतो. यानं नोकराचा राग आणि मांजराची असहायता दोन्ही एकदम पाहिले.

मी : इंग्रजीचा कोश रचणारा, देवाच्या न्यायासमोर थरथर कापणारा माणूस तो. लंडनमध्ये गफ स्क्वेअरला त्याच्या घरासमोर १९९७ पासून हॉजचा पुतळा आहे, शब्दकोशावर बसलेला, समोर कालवांचे शिंपले. आणि जॉन्सनच्याच ओळखीतला ख्रिस्तोफर स्मार्ट. त्याच्यासाठी मला हा लेख लिहायचाय खरं तर.

मामा : वेड्यांच्या इस्पितळातला कवी.

मी : त्याचं वेड हेच, की तो रस्त्यात, उद्यानात गुडघे टेकून प्रार्थना करायचा आणि जाणाऱ्या-येणाऱ्यांनाही करायला लावायचा. त्याला कोंडून ठेवलं. जॉन्सननं बजावलं होतं, की स्मार्टबरोबर प्रार्थना करायला मला काहीच अडचण नाही. १७५९ ते १७६३ या काळात स्मार्टनं कोंडलेल्या अवस्थेत देवाच्या स्तुतीचं एक प्रचंड, अपुरं काव्य लिहिलं. ते छापलं गेलं १९३९ साली. त्यात सोबतच्या जेफ्री नावाच्या बोक्यावर ७४ ओळी आहेत. सकाळी बोका पंजे स्वच्छ आहेत का पाहतो, आळस देतो, लाकडावर नख्या घासतो, अंग चाटतो, लोळतो, पिसवा शोधतो, मग अन्नाच्या शोधात निघतो. स्मार्ट हे पायरीपायरीनं दहा कृतींत मांडतो. त्याआधी पूर्वेला उजाडताच बोका स्वतःभोवती सात वेळा वळतो, आणि स्मार्ट म्हणतो, ही त्याची उपासना.

मामा : इथे मी तुला पकडतो. मांजर मांजरासारखं दिसायला हवं, हा तुझा आग्रह. आणि स्वतःभोवती वळण्याला उपासना म्हणणाऱ्यावर तू भाळलीस. महाबलीपुरमच्या शिल्पकारानं बोक्याच्या अंगावर ढोंग चढवलं, स्मार्टनं भक्ती चढवली. दोन्ही आरोपच.

मी : फरक आहे. शिल्पातला बोका दोन पायांवर उभा आहे, हात जोडून. मांजर असं कधी उभं राहत नाही, त्याला माणसाचा आव दिलाय. स्मार्टनं जेफ्रीला जेफ्री करतो त्याखेरीज काहीही करायला लावलेलं नाही. स्मार्टसारख्या कोंडलेल्या माणसानं हे तास न् तास पाहिलंय. जी प्रार्थना केली म्हणून त्याला आत टाकलं, तीच त्याला त्या खोलीत दुसऱ्या एका जिवात चाललेली दिसली, आणि त्या जिवाला कुणी वेडं म्हणत नव्हतं.

मामा : हे तू स्मार्टच्या वतीनं बोलते आहेस.

मी : बोलते आहे. रामकृष्णांना मांजरात माता दिसली ते तुम्ही मान्य केलंत. स्मार्टला मांजरात भक्त दिसला.

मामांनी हे मान्य केलं असं मी म्हणणार नाही. चिनी आचार्य नान्छ्वानची गोष्ट त्यांनी बहुधा याच घडीसाठी राखून ठेवली होती. नान्छ्वान म्हणजे जपानी परंपरेतला नान्सेन, काळ इसवी सन ७४८ ते ८३५. मठाच्या पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या दालनांतले भिक्षू एका मांजरावरून भांडत होते. आचार्यांनी मांजर उचलून धरलं आणि म्हणाले, एक शब्द बोला, नाहीतर मी याला कापतो. कुणी बोललं नाही. त्यांनी मांजराचे दोन तुकडे केले. संध्याकाळी शिष्य जाओझोऊ परतला. त्यानं ऐकलं, पायातली चप्पल काढून डोक्यावर ठेवली आणि निघून गेला. आचार्य म्हणाले, तू असतास तर मांजर वाचलं असतं.

मामा : ही तुझ्या लेखात हवीच. धर्मपुरुष आणि मांजर म्हटलं की भांडं तिरकं करणाराच आठवावा असं नाही. इथे मांजर निमित्त आहे, प्रश्न भिक्षूंच्या आसक्तीचा आहे. परंपरेनं हजार वर्षं त्या शब्दावर ध्यान केलंय.

मी : ध्यान करणाऱ्यांत दोगेनही होता, तेराव्या शतकातला, जपानमधल्या सोतो पंथाचा प्रवर्तक. एजो या शिष्यानं त्याला विचारलं, की मांजर कापणं हे पाप आहे का. दोगेननं बुद्धकर्म म्हणून त्या कृतीचं समर्थन केलं, आणि तरीही पाप आहे हे मान्य केलं. दोन्ही एकाच कृतीत एकदम घडतात, असं त्याचं म्हणणं. शिवाय असा विचार बाळगण्यापेक्षा न बाळगणं बरं, असंही त्यानं सांगितलं.

मामा : मग झालं तर. परंपरेनंच पाप नोंदवलंय. मला ते पुरेसं आहे.

मी : मला नाही. ते मांजर आमच्या दालनाचं की तुमच्या, यावर दोन्ही दालनांचे भिक्षू भांडत होते. इतके हक्कदार समोर उभे, आणि एकानंही पुढे होऊन आचार्यांच्या हातातून ते घेतलं नाही.

मामा : आचार्यांनी शब्द मागितला होता.

मी : अबू कतादांनीही शब्द नंतरच उच्चारले, मामा. आधी भांडं तिरकं केलं.

मामा : मग जाओझोऊची चप्पल? तोही बोलला नाही. त्यानंही काहीतरी केलंच, आणि आचार्यांनी ते उत्तर मानलं.

मी : संध्याकाळी केलं. तेव्हा मांजर मेलेलं होतं.

मामा : हे तसंच लिही. पण दोगेनचं मत आधी घाल, मग तुझं. आणि शांतिपर्वातला पलित गाळू नकोस. इतक्या सगळ्यांत मांजराच्या दोऱ्या खरोखर तोडल्या त्या त्यानंच.